सफरचंदाचा गुण नेमका कशात असतो?

इंदूरमध्ये कोणी इस्पितळात दाखल झाले की भेटीला जाणाऱ्या मराठी माणसाच्या हातात दोन गोष्टी हमखास असतात: घरून नेलेला मऊ भाताचा डबा आणि फाटकाबाहेरच्या हातगाडीवरून घेतलेली किलोभर सफरचंदे. गेल्या पावसाळ्यात माझी आत्या पाच दिवस इस्पितळात होती, तेव्हा तिच्या उशाशी सफरचंदांचा असा ढीग साचला की शेवटच्या दिवशी ती मोजून नर्सबाईंना वाटावी लागली. एका दुपारी कोणीतरी सफरचंद सोलून, फोडी करून स्टीलच्या वाटीत ठेवले आणि गप्पांच्या नादात अर्धा तास गेला. फोडी तपकिरी झाल्या. आत्या म्हणाली, "बघ, लोह किती असेल यात, चक्क गंजायला लागलं!" शेजारच्या खाटेवरच्या काकू म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला साखर आहे ना? मग गोड फळ कसं चालेल?" त्यांच्या सूनबाईंचे मत असे की फळ चालेल, पण साल काढूनच, कारण सालीवर मेण असते.

एका वाटीभोवती तीन मते जमली आणि तिन्ही थोडीफार चुकीची होती. सफरचंद आरोग्याला चांगले असते हे सगळ्यांना ठाऊक असते. ते का चांगले असते, हे विचारले की मात्र गोंधळ सुरू होतो. त्या गोंधळापायी आपण नेमका त्यातला कामाचा भाग काढून टाकतो आणि उरलेला आजाऱ्याला भरवतो. (इंदूरपुरता आणखी एक गोंधळ आहे. इथे 'सेव' म्हटले की आधी बेसनाची आठवते, त्यामुळे फळवाल्याशी बोलताना 'सेब'मधल्या 'ब'वर जोर द्यावा लागतो. रोज एक सेव खा असा सल्ला इथे फार आनंदाने पाळला जाईल.)

आत असते तरी काय?

साधारण १८० ग्रॅमचे, म्हणजे मुठीत मावेल एवढे मध्यम सफरचंद घेतले तर त्यातला सुमारे ८५ टक्के भाग पाणीच असतो. उरलेल्यात साधारण १९ ग्रॅम साखर, सालीसकट खाल्ल्यास सुमारे साडेचार ग्रॅम तंतू आणि अगदी नाममात्र प्रथिने व स्निग्धांश. सगळे मिळून ९५ कॅलरी. 'तंतू' हा शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून त्याचा अर्थ इथेच सांगतो: वनस्पतीचा जो भाग आपल्या आतड्यातले पाचकरस फोडू शकत नाहीत, तो तंतू. त्यालाच बोलताना आपण चोथा म्हणतो, आणि त्या शब्दातली तुच्छता या पदार्थावर अन्याय करणारी आहे.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत सफरचंदाची कामगिरी बेताचीच म्हणावी लागेल. एका फळातून 'क' जीवनसत्त्व मिळते सुमारे ८ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. लोहाची स्थिती तर याहून वाईट आहे. एका सफरचंदात जेमतेम ०.२ मिलिग्रॅम लोह असते आणि प्रौढ स्त्रीची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम. ती फक्त सफरचंदांवर भागवायची म्हटले तर दिवसाला सव्वाशेहून अधिक फळे लागतील. रक्त कमी आहे म्हणून सफरचंद खा, हा सल्ला आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो लाल रंगावरून सुचला असावा असे मला वाटते, कारण आकड्यांत त्याला काहीही आधार नाही.

मग फोड तपकिरी का होते?

वांगी चिरली की गृहिणी त्या फोडी लगेच पाण्यात टाकते, कारण उघड्यावर त्या काळ्या पडतात. सफरचंदाचेही तेच होते. फळाच्या पेशींमध्ये पॉलिफेनॉल नावाच्या संयुगांचा साठा असतो आणि त्याच पेशींत, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. गंमत म्हणजे या विकरात खरोखरच एक धातू असतो, पण तो लोह नसून तांबे असतो. फोडींवर लिंबू पिळले की विकराचे काम मंदावते, एवढ्यावरून ही गंजण्याची क्रिया नाही हे कळावे. तपकिरी फोड खाल्ल्याने अपाय होत नाही. ती फक्त बघवत नाही.

साखर पुड्यांत बांधलेली

आता काकूंच्या आक्षेपाकडे वळू. १९ ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ चार चमचे. एवढी साखर चहात घातली तर मधुमेही माणसाला घरचे रागावतील, मग फळातली कशी चालते?

सियागंजातल्या एखाद्या किराणा दुकानात साखरेचे पोते उपडे केले तर ती क्षणात जमिनीवर पसरेल. तीच साखर पाव पाव किलोच्या पुड्यांत बांधून दोऱ्याने गुंडाळून दिली, तर एकेक पुडी सोडण्यात वेळ जाईल. साखर तेवढीच, पण हाती येण्याचा वेग निराळा. सफरचंदातली साखर अशी लक्षावधी सूक्ष्म पुड्यांत, म्हणजे पेशींत, बांधलेली असते आणि त्या पेशींच्या भिंती तंतूंच्या असतात. दातांनी काही पुड्या फुटतात, काही तशाच पोटात जातात आणि सावकाश रिकाम्या होतात. शिवाय चावायला वेळ लागतो, तोंड थकते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला सवड मिळते. रस काढणे म्हणजे या सगळ्या पुड्या आधीच फोडून कागद फेकून देणे.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. १९७७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना निरनिराळ्या वेळी अख्खी सफरचंदे, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस दिला. साखरेचे प्रमाण तिन्ही वेळी सारखेच ठेवले होते. अख्ख्या फळांपेक्षा रस अकरा पटींनी लवकर पिऊन झाला. रक्तातली साखर तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच चढली, परंतु रसानंतर इन्शुलिन अधिक प्रमाणात स्रवले आणि पाठोपाठ साखर झपाट्याने खाली घसरली. अख्ख्या फळाने तशी घसरण झाली नाही. पोटही अख्ख्या फळानेच सर्वांत जास्त भरले. लगदा मध्ये कुठेतरी राहिला. प्रयोग लहान होता, पण त्यातून निघालेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: पदार्थ तोच, साखर तीच, फक्त बांधणी मोडली आणि शरीराचा प्रतिसाद बदलला.

पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून अधिक परिचारिका, डॉक्टर व इतर आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या गेल्या. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, अधिक खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कमी आढळला, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत तो थोडा जास्त आढळला. अशा पाहणीत एक अडचण असते. सफरचंद खाणारा माणूस बहुधा फिरायलाही जातो आणि सिगारेटही कमी ओढतो. संशोधक या गोष्टींची वजाबाकी करतात, पण ती कधीच पूर्ण होत नाही. तरीही रस आणि फळ यांची दिशा उलट निघावी, हे ब्रिस्टलच्या प्रयोगाशी जुळते.

पेक्टिन, म्हणजे फळातला इसबगोल

माळव्यातल्या वाचकाला तंतू समजावून सांगणे सोपे आहे, कारण नीमचच्या मंडीतला इसबगोल इथल्या बहुतेक घरांत असतो. चमचाभर इसबगोल पाण्यात घालून दहा मिनिटे ठेवला की पेला अर्धवट घट्ट होतो. सफरचंदातला पेक्टिन हा तंतू असाच पाणी धरून बुळबुळीत होणारा आहे. पेरूची किंवा सफरचंदाची जेली पेक्टिनमुळेच गोठते.

आतड्यात हा घट्टपणा दोन कामे करतो. पहिले म्हणजे अन्नातून साखर शोषली जाण्याचा वेग तो कमी करतो. दुसरे अधिक आडवळणाचे आहे. चरबी पचवण्यासाठी यकृत पित्त तयार करते आणि त्यासाठी कोलेस्टेरॉल वापरते. काम झाल्यावर पित्तातला बराचसा भाग आतड्यातून परत शोषला जाऊन पुन्हा वापरात येतो. दुधाच्या बाटल्या धुऊन परत भराव्यात तसा. पेक्टिन त्यातल्या काही बाटल्या अडकवून शरीराबाहेर नेतो. मग यकृताला नवे पित्त करावे लागते आणि त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते.

याचा परिणाम किती होतो? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोलेस्टेरॉल किंचित वाढलेल्या ४० जणांनी आठ आठवडे रोज दोन सफरचंदे खाल्ली, आणि तुलनेसाठी तेवढ्याच काळात तितक्याच साखरेचे पेय घेतले. सफरचंदांच्या काळात त्यांचे एकूण आणि 'वाईट' म्हटले जाणारे, असे दोन्ही कोलेस्टेरॉल सुमारे चार टक्क्यांनी कमी निघाले. चार टक्के हे काही डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करण्याचे कारण नाही, परंतु एखाद्या फळाकडून तेवढेही पुष्कळ झाले.

उरलेला पेक्टिन मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. इडलीचे पीठ आंबते तेव्हा भांड्यात जसे बुडबुडे येतात, तसा वायू इथेही होतो. ज्यांना सफरचंदानंतर पोट गच्च वाटते त्यांना याचा अनुभव असेल.

एका झाडाची साल आणि मधुमेहाची गोळी

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ही हकीकत आत्याला सांगितली तेव्हा ती प्रथमच पूर्ण वेळ गप्प बसून ऐकत होती. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला. पुढे १८८६ च्या सुमारास असे दिसून आले की तो दिल्यावर लघवीतून साखर बाहेर पडू लागते. मूत्रपिंडे एरवी गाळलेली साखर रक्तात परत घेतात; फ्लोरिझिन ती परतीची वाट अडवते. शंभराहून अधिक वर्षांनी हीच क्लृप्ती वापरून डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घडवली गेली, आणि आत्याच्या सकाळच्या गोळ्यांत त्यातलीच एक आहे.

मात्र यावरून सफरचंद खाऊन तसा परिणाम मिळेल असे कोणी समजू नये. फळात फ्लोरिझिन अत्यल्प असते आणि जे असते ते आतड्यातच मोडून जाते. मधुमेही माणसासाठी सफरचंदाचे महत्त्व तंतूंमुळे आणि चावण्यामुळे आहे. म्हणून एका वेळी अर्धे किंवा लहानसे एक फळ, तेही जेवणानंतरच्या गोडाच्या जागी, हे प्रमाण शहाणपणाचे ठरते. आहारतज्ज्ञ वेगळे सांगत असतील तर त्यांचे ऐकावे, कारण त्यांच्यासमोर तुमचा अहवाल असतो.

डॉक्टर खरोखर दूर राहतो का?

रोज एक सफरचंद खाल्ले की डॉक्टरची गरज पडत नाही, ही इंग्रजी म्हण आपल्याकडे शाळेतल्या तक्त्यांवरून आली. तिचे सर्वांत जुने छापील रूप १८६६ मधले असून ते वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचे आहे. त्यात झोपण्यापूर्वी सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरची भाकरी बुडेल, असे म्हटले आहे. रात्री सफरचंद खाल्ल्याने पोट बिघडते, असे संदेश मोबाइलवर फिरवणाऱ्यांनी ही जुनी म्हण जरूर वाचावी.

२०१५ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी ती म्हण थोड्या गमतीने, पण रीतसर तपासली. ८,३९९ प्रौढांच्या माहितीत रोज निदान एक लहान सफरचंद खाणारे ७५३ निघाले. शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान वगैरे फरक जमेस धरल्यावर डॉक्टरकडे जाण्यात काही फरक उरला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे घेण्याचे प्रमाण तेवढे खाणाऱ्यांत किंचित कमी होते. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. कोणतेही एक फळ माणसाला दवाखान्यापासून वाचवील, ही अपेक्षाच मुळात फळावर लादलेली होती.

साल काढायची की ठेवायची?

सूनबाईंचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो. साल काढली की शंभर ग्रॅममागे तंतू २.४ ग्रॅमवरून १.३ ग्रॅमवर येतात. म्हणजे जवळजवळ निम्मे गेले. क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल तर प्रामुख्याने सालीतच असते. इस्पितळातल्या त्या वाटीत आम्ही आत्याला साखर दिली आणि साखरेवरचा लगाम कचऱ्याच्या डब्यात टाकला, असाच याचा अर्थ होतो.

मेणाबद्दल बोलायचे तर सफरचंद झाडावर असतानाच स्वतःचे मेण तयार करते. त्यामुळे आतले पाणी टिकते. पेटी भरण्यापूर्वी फळे धुतली जातात तेव्हा त्यातले काही निघून जाते, आणि काही व्यापारी वरून नवा पातळ थर देतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार यासाठी मधमाश्यांचे मेण, कार्नाउबा नावाच्या ताडाच्या पानांचे मेण किंवा लाख वापरता येते आणि तसे लेबलवर लिहावे लागते. ही मेणे पचत नाहीत, आली तशी निघून जातात. नखाने खरवडून पांढरी पूड दाखवणारे व्हिडिओ बघितले की भीती वाटते, पण त्या पुडीवरून मेण नैसर्गिक की वरून लावलेले हे काही ठरत नाही.

कीडनाशकांची काळजी मात्र खरी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सफरचंदे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन कीडनाशके साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली. सोड्याचे प्रमाण लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे होते. सालीत आत मुरलेला अंश मात्र निघाला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. तेव्हा ज्याला मुळीच जोखीम नको त्याने सोलावे. पण निम्मे तंतू गमावून. मी स्वतः सोड्याच्या पाण्यात ठेवतो, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो, देठाकडचा खळगा कापून टाकतो आणि सालीसकट खातो. वरचे स्टिकर तेवढे आठवणीने काढावे. त्याचा डिंक खाण्यासाठी केलेला नसतो.

पेरू असताना सफरचंद कशाला?

हा प्रश्न खरे तर इंदूरकरांनीच विचारायला हवा. चोइथराम मंडीत सप्टेंबरपासून काश्मीरच्या पेट्या उतरू लागतात तेव्हा सफरचंद ताजे आणि परवडणारे असते. उन्हाळ्यात मिळते ते बहुधा कमी ऑक्सिजनच्या थंड गोदामात महिनोन्‌महिने ठेवलेले किंवा परदेशातून आलेले असते आणि त्याचा भाव विचारताना मन घट्ट करावे लागते. थंडीत गाडीवरचा पेरू शंभर ग्रॅममागे सफरचंदाच्या दुपटीहून अधिक तंतू देतो, 'क' जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या घरात देतो आणि खिशालाही सोसतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. ती सफरचंदाचीच असावीत असे कुठेही म्हटलेले नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना पेरू न्यावे तर कंजूष ठरू, ही भीती आरोग्याची नसून प्रतिष्ठेची आहे.

एका ठिकाणी मात्र सफरचंद खरोखर सरस ठरते. मूत्रपिंडे कमकुवत झाली की रक्तात पोटॅशियम साचण्याचा धोका असतो. अशा रुग्णाला शंभर ग्रॅम केळ्यातून साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम मिळते, सफरचंदातून १०७. म्हणून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या यादीत सफरचंद टिकून राहते.

कोणी जपावे?

सफरचंदात फ्रुक्टोज ही शर्करा आणि सॉर्बिटॉल हा तिच्यासारखाच गोड पदार्थ बऱ्यापैकी असतो आणि काहींच्या आतड्याला हे दोन्ही नीट शोषता येत नाहीत. ज्यांना वरचेवर पोट फुगणे, मुरडा, जुलाब असा त्रास आहे त्यांनी पंधरा दिवस सफरचंद बंद करून पाहावे. अॅलर्जीसाठी फेक्सोफेनाडिनची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबर घ्यावी, सफरचंदाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर नव्हे, कारण त्या रसांमुळे गोळी कमी शोषली जाते. बियांमध्ये चावल्यावर सायनाइड सोडणारा पदार्थ असतो, परंतु एखादी बी चुकून गिळली गेली तर ती तशीच बाहेर पडते; लहान मुलांना देताना गाभा काढावा, एवढे पुरे.

राहता राहिले दात. हा सगळा लेख चावण्यावर उभा आहे आणि आत्याला कवळी आहे. तिने पहिल्याच दिवशी सालीचा तुकडा कवळीखाली अडकल्याची तक्रार केली. तिच्यासाठी घरी आता अर्धे सफरचंद सालीसकट पातळ चिरून, दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवतात; साखर घालत नाहीत, दालचिनीची चिमूट घालतात. पेशींच्या काही पुड्या शिजताना सुटतात, त्यामुळे ब्रिस्टलच्या प्रयोगातल्या लगद्याप्रमाणे याचा गुणही अख्खे फळ आणि रस यांच्या मधला धरावा. पण साल मऊ होते, तंतू वाटीतच राहतात, आणि फोडी आधीच तपकिरी असल्याने गंजण्याचा विषय निघत नाही.